प्रवासातील पोटदुखी

१९६१ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. अंटार्क्टिका खंडावर नोव्होलाझारेव्हस्काया नावाचे सोव्हिएत संशोधनकेंद्र नुकतेच उभे राहिले होते. तेथील तुकडीत एकच डॉक्टर होता. त्याचे नाव लिओनिद रोगोझोव्ह, वय अवघे सत्तावीस. २९ एप्रिलला त्याला मळमळू लागले, अंगात ताप भरला, आणि पोटात उजवीकडे खालच्या बाजूस दुखू लागले. दुखणे कशाचे, हे त्याने ओळखले.

मोठ्या आतड्याच्या आरंभी बोटाएवढी एक बंद नळी असते. तिला आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स म्हणतात. ती सुजली आणि वेळीच उपाय झाला नाही, तर ती फुटते. मग पू पोटात पसरून प्राणांवर बेतते.

औषधाने गुण येईना. बाहेर हिमवादळ घोंघावत होते; विमान येणे अशक्य! अखेर ३० एप्रिलच्या रात्री रोगोझोव्हने स्वतःच आपल्या पोटावर शस्त्रक्रिया केली. भूल दिली ती केवळ पोटाच्या त्या भागास. एका सोबत्याने आरसा धरला. पण आरशातील उलट्या प्रतिबिंबाने घोटाळा होई, म्हणून त्याने बरेचसे काम नुसत्या स्पर्शाने केले. सुमारे पावणेदोन तासांनी ते संपले. दोन आठवड्यांनी तो पुन्हा कामावर रुजू झाला.

मुलांनो, आपल्यावर असा प्रसंग येणार नाही. पण आपली चूक निराळीच असते. सहलीत पोट दुखले, की आपण म्हणतो, "सकाळची भजी बाधली असतील." पुष्कळदा ते खरेही असते. मात्र आंत्रपुच्छाचे दुखणे बहुधा प्रथम बेंबीभोवती जाणवते, काही तासांत उजवीकडे खाली सरकते आणि वाढतच जाते. खोकताना किंवा गाडीला हादरा बसताना कळ उठते. अन्न नकोसे होते. ही लक्षणे सर्वांत सारखीच दिसतात असे नाही, म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

अशा वेळी एरंडेल किंवा दुसरे रेचक मुळीच घेऊ नये. पोट चोळू नये, शेकू नये. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्याने डॉक्टर भेटेपर्यंत काही खाऊ नये. सहलीचा विरस होईल म्हणून दुखणे लपवणारी मुले मी पाहिली आहेत. हा भलताच संकोच होय! गुरुजींना किंवा बाईंना तत्काळ सांगावे. आगगाडीत १३९ या क्रमांकावर मदत मागता येते; महाराष्ट्रात रस्त्याने जात असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत दुखणे किती वाजता व कोठे सुरू झाले, मग कोठे सरकले, उलटी केव्हा झाली, हे कागदावर टिपून ठेवावे. डॉक्टर पहिल्याने हेच विचारतात.