पहिलं गिऱ्हाईक आणि चांगला दर

लेखमाला : घरबसल्या जगाचं काम, भाग 5

ऑनलाइन कामाच्या बाजारात नवख्या माणसाला कुणी उभं का करत नाही, हे शोधण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ अमांडा पॅलेस यांनी एक सरळ वाट धरली. त्यांनी नवख्यांना स्वतःच काम दिलं. ओडेस्क या त्या वेळच्या मोठ्या संकेतस्थळावर त्यांच्या डेटा एंट्रीच्या कामासाठी 3,767 जण उपलब्ध होते. त्यांतल्या 952 जणांना कोणताही निकष न लावता काम मिळालं आणि काम संपल्यावर त्यांच्या प्रोफाइलवर अभिप्राय लिहिला गेला, काहींचा मोघम तर काहींचा सविस्तर. निष्कर्ष 2014 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाले. ज्या नवख्यांना हे एक छोटं काम मिळालं होतं, त्यांची पुढच्या दोन महिन्यांतली कमाई काम न मिळालेल्या नवख्यांच्या जवळपास तिप्पट झाली.

काही तासांच्या टायपिंगनं कुणाचं कौशल्य तिप्पट होत नाही. वाढली ती माहिती. हा माणूस सांगितलेलं काम पूर्ण करतो, एवढं एक वाक्य जगाला वाचता येऊ लागलं.

गावात घर बांधायला काढलं की गवंड्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो आधी कुणाचं घर बांधलं, हा. मजुरीचा विषय नंतर निघतो. टेक्सासमधला किंवा मेलबर्नमधला क्लायंट अगदी तेच करतो. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो आणि चुकीचा माणूस निवडला तर त्याचे दोन आठवडे वाया जाणार असतात. या धास्तीची किंमत त्याच्या लेखी दरातल्या फरकापेक्षा मोठी असते. म्हणूनच ‘मी सगळ्यांपेक्षा स्वस्तात करून देतो’ हे अर्जातलं वाक्य नवख्याला वाटतं तेवढं उपयोगी पडत नाही. अनेकदा ते धास्ती वाढवतं.

मागच्या भागात या संकेतस्थळांची ओळख झाली आहे. ईलान्स 1999 च्या सुमारास आलं, ओडेस्क 2003 मध्ये. दोघांच्या विलीनीकरणाची घोषणा 2013 च्या अखेरीस झाली आणि 2015 मध्ये त्याला अपवर्क हे नाव मिळालं. 2010 मध्ये इस्राएलमध्ये सुरू झालेल्या फायव्हरवर सुरुवातीला प्रत्येक कामाचा भाव पाच डॉलर होता, आता तिथे हजारो डॉलरची कामंही होतात. पण दर जाहिरातीत दिसतो तेवढा हातात पडत नाही, आणि चांगल्या पैशाच्या कामाचा शोध खरं तर या हिशेबापासूनच सुरू व्हायला हवा.

फायव्हर काम करणाऱ्याच्या मोबदल्यातून 20 टक्के कापून घेतं. समजा, शंभर डॉलरचं काम आलं. ऐंशी उरले. क्लायंटनं दोनदा दुरुस्त्या सांगितल्या, निरोपांची देवाणघेवाण झाली आणि सगळं मिळून सोळा तास गेले, तर तासाला पाच डॉलर पडले. तेच काम नेमकं ठरवून घेतलं असतं आणि पाच तासांत संपलं असतं, तर तासाला सोळा डॉलर. अपवर्कवर अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ खर्ची पडतात आणि विकत घेताना एका कनेक्टला 15 सेंट मोजावे लागतात. एका अर्जाला बारा कनेक्ट धरले आणि वीस ठिकाणी अर्ज टाकले, तर एकही काम न मिळता 36 डॉलर गेलेले असतात. दिसेल त्या कामाला अर्ज टाकण्याचा सल्ला मराठी व्हिडिओंमधून सर्रास दिला जातो. तो सल्ला घातक आहे. पाच अर्ज करावेत, पण प्रत्येकात क्लायंटनं लिहिलेल्या अडचणीचं उत्तर असावं आणि सोबत तशाच कामाचा एक नमुना असावा.

हा नमुना संकेतस्थळावरच्या कामाचाच असला पाहिजे असं नाही. शहरातल्या एखाद्या दवाखान्याचं, दुकानाचं, संस्थेचं काम योग्य मोबदला घेऊन, वेळेत आणि नेटकं करून दिलं आणि त्यांच्या परवानगीनं ते दाखवलं, तर पहिला अभिप्राय तिथेच तयार होतो. फुकट काम करण्याची त्यासाठी गरज नाही. लोगोच्या स्पर्धांमध्ये डझनावारी डिझायनर चित्रं पाठवतात आणि बक्षीस मात्र एकाला मिळतं. बाकीच्यांच्या रात्रींचा मोबदला कुणीच देत नाही.

चांगला दर कुठे मिळतो? जिथे चूक महाग पडते तिथे.

मराठी भाषांतराचंच पाहू. ‘इंग्रजी ते मराठी भाषांतर करून मिळेल’ एवढंच प्रोफाइलवर लिहिणाऱ्याची स्पर्धा हजारो माणसांशी आणि आता यंत्राशीही आहे. याउलट औषधांच्या चाचण्यांमध्ये सहभागी होणाऱ्या रुग्णाला संमतीपत्र त्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. महाराष्ट्रातल्या केंद्रांसाठी ते मराठीत लागतं आणि बरेचदा त्या मराठीचं पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून अर्थ तपासला जातो. या कागदात ‘दुष्परिणाम’ आणि ‘धोका’ यांची गल्लत झाली, तर नैतिकता समिती तो परत पाठवू शकते आणि चाचणीचं वेळापत्रक घसरतं. इथे एजन्सीला शब्दामागे दोन पैसे वाचवण्यात रस नसतो. तिला वैद्यकीय परिभाषा सांभाळणारा, तरीही ग्रामीण रुग्णाला कळेल असं लिहिणारा माणूस हवा असतो. नर्सिंग किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या आणि मराठी उत्तम लिहिणाऱ्या व्यक्तीला हे दार उघडं आहे, आणि तिथे गर्दी कमी आहे. भाषांतरकारांचं प्रोझ हे संकेतस्थळ 1999 पासून चालू आहे. त्यावरच्या ‘ब्लू बोर्ड’वर कोणती एजन्सी पैसे वेळेवर देते याच्या नोंदी भाषांतरकारच करतात. नव्या एजन्सीला होकार कळवण्याआधी त्या वाचायलाच हव्यात.

दुसरं क्षेत्र हिशेबाचं. बी.कॉम. झालेला, टॅलीवर हात बसलेला तरुण ‘अकाउंटिंगची सर्व कामं’ असं लिहितो आणि गर्दीत हरवतो. तोच ऑस्ट्रेलियातल्या छोट्या कॅफेंचे हिशेब झीरो या प्रणालीत ठेवायला शिकला, तर चित्र बदलतं. ऑस्ट्रेलियातही जीएसटी आहे आणि त्यासाठी बहुतेक छोटे व्यवसाय दर तिमाहीला बीएएस हे विवरणपत्र भरतात. मोबदला घेऊन ते दाखल करून देण्याचा अधिकार तिथल्या नोंदणीकृत एजंटचा. पण बिलं नोंदवणं, बँकेशी ताळा जुळवणं, एजंटच्या हाती स्वच्छ हिशेब देणं हे काम नाशिकमधूनही करता येतं. शिवाय ते दर तीन महिन्यांनी परत येतं. एकदाच होणाऱ्या दहा कामांपेक्षा असे तीन क्लायंट केव्हाही चांगले, कारण नव्या क्लायंटच्या शोधात जाणाऱ्या तासांचे पैसे कुणी देत नाही.

इथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. चॅटजीपीटी आल्यानंतर अपवर्कवरच्या लेखन-संपादनासारख्या कामांचं काय झालं, हे 2023 मध्ये काही अभ्यासकांनी तपासलं. अशा कामगारांच्या कामांची संख्या 2 टक्क्यांनी आणि मासिक कमाई 5.2 टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. अधिक अस्वस्थ करणारी बाब म्हणजे, आधीचे उत्तम अभिप्राय असलेल्यांनाही त्यातून संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. म्हणजे सर्वसाधारण काम उत्कृष्ट करणं आता पुरेसं नाही. ज्या कामात कुणीतरी सहीनिशी जबाबदारी घ्यावी लागते, क्लायंटशी बोलून त्याची अडचण काय हे आधी ओळखावं लागतं, ती कामं निवडणं अधिक शहाणपणाचं. दहा वर्षं ब्लॉगलेखनावर घर चालवणाऱ्यांना हे ऐकायला कठीण जातं. पण ते त्यांना स्पष्टपणे सांगितलं गेलं पाहिजे.

आता फसवणुकीबद्दल. काम देण्याआधी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागणारा क्लायंट हा क्लायंट नसतो. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे आधी थोडे पैसे देऊन मग मोठी रक्कम भरायला लावणारे गट, आणि फॉर्म भरण्याचं काम देऊन ‘अचूकता कमी पडली’ म्हणत वकिलाच्या नावानं नोटीस धाडणारे भामटे, या दोन्हींनी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना आणि गृहिणींना गाठलं आहे. नोटिशीला घाबरून पैसे भरू नयेत, घरच्यांना सांगावं. पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार जितक्या लवकर होते, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

ओळख झाली की कमिशन वाचवण्यासाठी क्लायंटला संकेतस्थळाबाहेर नेण्याचा मोह होतो. अपवर्कच्या अटींनुसार तिथे भेटलेल्या क्लायंटशी दोन वर्षं तिथूनच व्यवहार करावा लागतो, नाहीतर त्यासाठीचं वेगळं शुल्क भरावं लागतं. अट मोडली तर खातं बंद होऊ शकतं आणि कष्टानं जमवलेले सगळे अभिप्राय त्यासोबत जातात. थेट क्लायंट मिळवायचे तर ते वेगळ्या वाटेनं मिळवावेत : लिंक्डइनवर त्या क्षेत्रातल्या कामाबद्दल लिहून, जुन्या सहकाऱ्यांकडून, आधीच्या क्लायंटच्या शिफारशीवरून. तिथे पैशाची हमी घेणारं कुणी मध्ये नसतं, म्हणून कामाचे टप्पे पाडावेत आणि पहिल्या टप्प्याची रक्कम आधी खात्यात जमा झाल्याशिवाय सुरुवात करू नये.

दर वाढवण्याची सोयीची जागा म्हणजे नवा क्लायंट. जुन्याचं चालू काम ठरल्या दरानं पूर्ण करावं, पुढच्या कामाच्या आधी महिनाभर नवा दर लेखी कळवावा. नव्या क्लायंटला मात्र पहिल्याच पत्रात नवा दर सांगावा. दोघा-तिघांनी घासाघीस न करता तो मान्य केला, तर पुढच्याला आणखी थोडा वाढवून सांगायला हरकत नाही.

परदेशातून आलेले पैसे, बँकेकडून घ्यायचं प्रमाणपत्र, वीस लाखांची जीएसटी मर्यादा आणि आयकर यांविषयी पुढच्या भागात.