दोन डबे, एक परात

नोंदणीच्या अर्जात ‘पूर्ण नाव’ असा एक रकाना असतो. त्यात माणूस एकच नाव भरेल, हे अर्ज बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. २०१४ साली चेक पॉइंट या इस्रायली सुरक्षा कंपनीतल्या नेतानेल रुबिन या संशोधकाने त्या एका रकान्यासाठी तीन उत्तरं पाठवायची युक्ती शोधली. ब्राउझरमधला अर्ज बाजूला ठेवून हाताने विनंती पाठवली, की एकच रकाना हवा तितक्या वेळा भरता येतो; त्यात जादू काही नाही. पहिलं उत्तर साधं नाव. दुसरं उत्तर म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच वापरला जाणारा एक शब्द. तिसरं म्हणजे भलत्याच माणसाचा ई-मेल पत्ता. एवढ्यावर बगझिला हे सॉफ्टवेअर त्या भलत्या पत्त्याच्या नावे खातं उघडून देत होतं.

बगझिला ही मोझिलाने १९९८ साली सर्वांसाठी खुली केलेली दोषांची नोंदवही. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय बिघडलंय, कोण दुरुस्त करतंय, हे सारं तिच्यात लिहिलेलं असतं. अजून न बुजवलेली सुरक्षेची भगदाडंही तिच्यातच असतात, पण ती मोजक्या लोकांनाच दिसतात. हे मोजके लोक कोण, ते ई-मेल पत्त्याच्या शेपटावरून ठरवायची सोय बगझिलात आहे. म्हणजे पत्ता ज्याचा, त्याच्या हाती तिजोरीची किल्ली.

कुलूप फोडलं गेलं नव्हतं. बगझिला ज्या पर्ल भाषेत लिहिलेली आहे, त्या भाषेच्या एका जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या सवयीने दार उघडलं. सबरूटीनला (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या तुकड्याला) अ‍ॅरे (किमतींची रांग) द्यायला जावं, तर पर्लमध्ये अ‍ॅरे पोचतच नाही. पोचतात ते त्यातले सुटे घटक.

दिवाळीच्या फराळाचंच उदाहरण घेतो. शेजारच्या काकूंकडे आपण दोन डबे पाठवले, आणि त्यांनी दारातच दोन्ही एका परातीत उपडे करून डबे परत दिले. एकात लाडू आणि दुसऱ्यात करंज्या असतील तर निवडता येईल. पण एकात बेसनाचे लाडू आपल्या घरचे आणि दुसऱ्यात बेसनाचेच लाडू आजोळहून आलेले, असं असेल तर? कुठला डबा कुठे संपला, हे परात सांगत नाही. पर्लमधल्या या परातीचं नाव आहे @_. सबरूटीनला जे जे दिलं, एक आकडा, दोन अ‍ॅरे, वर आणखी एक शब्द, ते सगळं याच एका रांगेत येऊन पडतं.

मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. १९९९च्या सुमारास पुण्यातल्या एका कचेरीत बँकेत वटलेल्या चेकांची यादी आणि आमच्या खतावणीतली यादी ताडून बघायची स्क्रिप्ट मी लिहिली होती. सबरूटीनच्या पहिल्याच ओळीत मोठ्या विश्वासाने लिहिलं:

माय (@आमचे, @बँकेचे) = @_;

स्क्रिप्टचा निकाल: आमचा एकही चेक बँकेत वटलेला नाही. साहेबांचा चेहरा अजून आठवतो. झालं होतं असं, की @आमचे या पहिल्या अ‍ॅरेने परातीतलं सगळं स्वतःच्या पानात वाढून घेतलं आणि @बँकेचे उपाशी राहिला. पंगतीत पहिल्यानेच परात रिकामी केली, आणि वाढप्याने चकार शब्द काढला नाही. खरं तर त्या गप्प राहण्याचाच मला जास्त राग आला होता.

ही सवय आली कुठून? लॅरी वॉल याने पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध केली. वॉल मूळचा भाषाविज्ञानाच्या वाटेने निघालेला. बर्कलीला शिकताना त्याचा आणि त्याच्या पत्नीचा बेत असा होता, की लिपी नसलेली एखादी भाषा शोधायची, तिच्यासाठी लिपी तयार करायची आणि बायबलसारखे ग्रंथ तिच्यात आणायचे. तब्येतीच्या कारणाने तो बेत राहून गेला. पण व्याकरणाची ओढ पर्लमध्ये उतरली. तिच्यात वचन आहे: $ म्हणजे ‘हा एक’, @ म्हणजे ‘हे सगळे’. @नावे या अ‍ॅरेतलं पहिलं नाव काढताना $नावे[०] असं लिहितात, कारण एकच काढायचंय. एकच क्रिया एकवचनी संदर्भात एक उत्तर देते आणि अनेकवचनी संदर्भात दुसरं. आपण बोलताना हे सहज करतो, म्हणून पर्ल हाताला लवकर सरावते.

दुसरा वारसा युनिक्सच्या शेलचा. तिथे * हा तारा टाकून ‘या सगळ्या फायली पुसून टाक’ म्हटलं, की पुसणाऱ्या प्रोग्रॅमला तारा दिसतच नाही. शेल आधीच ताऱ्याच्या जागी नावांची सपाट रांग मांडून ठेवतं. पर्लचा जन्म अशाच कामांच्या गर्दीत झाला. तिथे सपाट रांग ही सोय असते. सर्वांत मोठा आकडा शोधणारं सबरूटीन एकदा लिहिलं, की त्याला दोन अ‍ॅरे आणि वर एक सुटा आकडा असं काहीही द्यावं. ते तक्रार करत नाही. पर्लने जिच्याकडून बरंच उचललं त्या ऑक भाषेत मात्र अ‍ॅरे फंक्शनला अख्खा मिळतो. सी भाषेची तऱ्हा तिसरीच: ती फक्त पहिला लाडू कुठे ठेवलाय ते सांगते, डब्यात किती आहेत ते सांगत नाही. त्या मौनापायी जगाने जे भोगलं, त्यापुढे माझे चेक काहीच नाहीत.

परातीची आणखी एक गंमत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डबे जातात, पण लाडू तेच असतात. @_ मधले घटक नकला नसून मूळ घटकांचीच दुसरी नावं असतात. सबरूटीनने $_[०] बदललं, तर पाठवणाऱ्याच्या घरातली वस्तू बदलते. म्हणून जाणते लोक आत शिरल्याबरोबर सगळ्याची नक्कल आपल्या चलांमध्ये करून घेतात.

पर्लच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत अ‍ॅरे अख्खा पाठवायचा मार्ग आडवळणाचा होता. अ‍ॅरेच्या नावाआधी तारा लावायचा. पण त्या ताऱ्यासोबत त्याच नावाचं एकवचनी चल, हॅश (नाव-किंमत जोड्यांचा साठा), सबरूटीन, फाइलचं हँडल असं सगळं यायचं. वाड्याच्या दारात आडनावाने हाक मारावी आणि अख्खं खटलं बाहेर यावं, तसं. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आलेल्या पाचव्या आवृत्तीने रेफरन्स आणला. अ‍ॅरेच्या आधी उलटी तिरकी रेघ काढायची, \@आमचे, की डब्याऐवजी ‘डबा अमुक फळीवर आहे’ अशी चिठ्ठी जाते. चिठ्ठी ही एकच वस्तू. ती परातीत पडली तरी पसरत नाही. ओळी आणि रकाने असलेला दुहेरी अ‍ॅरेही या चिठ्ठ्यांमुळेच जमू लागला. माझ्या स्क्रिप्टची दुरुस्तीही दोन तिरक्या रेघा आणि आत चिठ्ठी वाचायच्या दोन ओळी, एवढीच होती.

एक सल मात्र राहिला होता. पर्लचं स्वतःचं पुश बघा: त्याला रेघेशिवाय अ‍ॅरे दिला तरी अख्खा मिळतो. घरच्यांना डबा आणि पाहुण्यांना परात. हा दुजाभाव मिटावा म्हणून ५.००२ या आवृत्तीत प्रोटोटाइप आले. कुठल्या जागी अ‍ॅरे अख्खा हवा, हे त्यात सबरूटीनच्या नावापुढे आधीच लिहून ठेवता येतं. पण तेव्हा कॉल करणाऱ्याला ओळीकडे बघून काय पोचतंय ते कळत नाही. मला विचाराल तर डोळ्यांना दिसणारी रेघ बरी.

आता पुन्हा बगझिलाकडे. मराठीत ‘रामाने रावणाला मारलं’ म्हणा की ‘रावणाला रामाने मारलं’ म्हणा, कोण मेला याबद्दल संशय राहत नाही, कारण प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो. पर्लचे लोकही रांगेतल्या जागेवर विसंबायला नको म्हणून प्रत्येक किमतीला नाव जोडून पाठवतात, मध्ये => असा बाण काढून: लॉगिन => अमुक, पूर्णनाव => तमुक, पासवर्ड => ढमुक. दिसायला अगदी विभक्ती. पण तो बाण डावीकडच्या शब्दाला अवतरणचिन्हं घालायचे कष्ट तेवढे वाचवतो. एरवी तो निव्वळ स्वल्पविराम आहे. प्रत्यय शब्दाला चिकटलेला नाही, शेजारी ठेवलेला आहे. आतून पुन्हा तीच सपाट रांग, आणि तिच्यातून दोन-दोन उचलून हॅश भरायचा.

बगझिलात ‘पूर्णनाव’च्या उजवीकडे अर्जातून किंमत काढणारी क्रिया थेट लिहिली होती. ती जागा अनेकवचनी. रकान्यात एक उत्तर असेल तर एक येतं, तीन असतील तर तीन. तीन आली तेव्हा पहिलं ‘पूर्णनाव’शी जुळलं, आणि उरलेल्या दोघांची आपसात जोडी जमली: दुसरं उत्तर होतं ‘लॉगिन’ हा शब्द, तिसरं तो परका पत्ता. हॅशमध्ये एकच नाव दोनदा आलं तर नंतरचं टिकतं. आधी पडताळून घेतलेला खरा पत्ता पुसला गेला. उत्तरं दोन असती तर पुढच्या सगळ्या जोड्या सरकल्या असत्या आणि गोंधळ उघडा पडला असता. तीनच हवी होती.

६ ऑक्टोबर २०१४ला दुरुस्ती आली. किंमत काढणाऱ्या क्रियेआधी ‘स्केलर’ हा शब्द लिहायचा, म्हणजे ‘एकच दे’. अर्ज वाचणाऱ्या सीजीआय मॉड्यूलनेही त्यानंतर अशा अनेकवचनी वापराबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली. डिसेंबरात हॅम्बुर्गच्या हॅकर संमेलनात रुबिनने भाषेचीच भरपूर टर उडवली. हे वर्तन पर्लच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे, हे खरं. पण मांजराच्या गळ्यातली घंटा कागदावर वाजत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या ५.२० आवृत्तीत सबरूटीनच्या नावापुढेच चलांची यादी लिहायची सोय प्रयोगादाखल झाली होती, २०२२च्या ५.३६मध्ये तिच्यावरचा प्रयोगाचा शिक्का निघाला. परात मात्र तीच आहे. त्या यादीत अ‍ॅरे एकच चालतो आणि तोही शेवटी. @आमचे, @बँकेचे असं लागोपाठ लिहिलं तर पर्ल आता प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही. १९९९ साली एवढं केलं असतं तरी साहेबांपुढची माझी फजिती टळली असती.

पर्ल ६ म्हणून आखलेली आणि २०१९ साली राकू असं नवं नाव मिळालेली धाकटी बहीण उलट वागते. तिथे अ‍ॅरे न सांगता अख्खा पोचतो, आणि सगळं एका परातीत हवंच असेल तर तसं सांगावं लागतं: सबरूटीनच्या यादीत अ‍ॅरेच्या आधी एक तारा काढायचा. चौथ्या आवृत्तीत डबा शाबूत ठेवायला जो काढायचे, तोच तारा.