कन्स्पिक्युअस म्हणजे काय?

कन्स्पिक्युअस हा इंग्रजी शब्द आहे. तो विशेषण आहे. त्याचा अर्थ चटकन नजरेत भरणारा, उठून दिसणारा.

पुष्कळांना वाटते, मोठी वस्तू म्हणजेच कन्स्पिक्युअस. तसे नाही. माथेरानचा डोंगर केवढा मोठा! पण आषाढात तो ढगात गेला की कुठे आहे ते कळत पण नाही. आता भूतकेसाचे झुडूप बघा. त्याचे फूल नारिंगी आणि इवलेसे असते. पण फुलाजवळ एक मोठे पांढरे पान असते. ते खरे तर पान नाही, फुलाचाच भाग आहे. पावसाळ्यात सगळे रान हिरवेगार, त्यात ते पांढरे लांबूनच दिसते. म्हणजे आजूबाजूपेक्षा जे वेगळे ते कन्स्पिक्युअस. पळस फाल्गुनात कन्स्पिक्युअस असतो. पावसाळ्यात तोच पळस रानात शोधावा लागतो.

कर्जत-खोपोली लाइनवर रूळ दुरुस्त करणारी माणसे नारिंगी जाकिटे घालतात. ती काही मिरवायला नाही! मोटरमनला माणूस लांबून दिसला पाहिजे म्हणून. आपण पावसात काळी छत्री घेऊन रस्त्याच्या कडेने घरी जातो, ती अंधारून आले की ट्रकवाल्याला दिसत नाही. माझ्या आजीने माझ्या दप्तराला पिवळे फडके शिवले आहे. मुले हसतात. हसू देत. वाक्य असे करावे : द येलो क्लॉथ इज कन्स्पिक्युअस.

अजून एक गंमत आहे. इंग्रजीत 'कन्स्पिक्युअस बाय ॲब्सेन्स' असे म्हणतात. म्हणजे नसल्यामुळे उठून दिसणारा. मला हे आधी खोटेच वाटले. जे नाहीच ते दिसेल कसे? पण आपल्या कर्जत-खालापूरकडे दिवाळी झाली की वाडीवरची पुष्कळ माणसे वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर कामाला जातात. मुलांना पण बरोबर नेतात. मग वर्गात खिडकीजवळच्या दोन जागा रिकाम्या राहतात. बाकीची एवढी मुले बसलेली असतात, पण नजर तिकडेच जाते. कबड्डीत गडी कमी पडतात. हजेरी घेताना बाई त्या नावांपाशी थोड्या थांबतात. ती मुले पावसाच्या तोंडावर परत येतात. तोवर आमची परीक्षा होऊन गेलेली असते.

या शब्दाचे स्पेलिंग लांब आहे, अकरा अक्षरे. शेवटी यू, ओ, यू, एस येते, ते नीट बघून लिहावे.