कपात परत गेलेला चहा

चौथ्या टेकला काकांनी चहा परत घेतला.

वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात मध्यम खर्चाच्या मराठी विनोदी चित्रपटाचे चित्रीकरण चालले होते. सहायक दिग्दर्शक म्हणून कंटिन्युइटी माझ्याकडे होती. कोणत्या वाक्याला कोणाचा हात कुठे होता, कपात चहा किती उरला होता, याची टेकगणिक नोंद ठेवायची, हे माझे काम. प्रसंग साधा होता. पुतण्या लग्नासाठी पन्नास हजार मागायला कंजूष काकांकडे येतो. संहितेत काकांचे उत्तर होते, ‘‘पैसे काय झाडाला लागतात?’’ तीन टेक तसेच झाले. चौथ्या वेळी पुतण्याने रक्कम उच्चारली मात्र, काकांची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाने शांतपणे त्याच्या पुढ्यातली बशी उचलली, तिच्यातला चहा आपल्या कपात ओतला आणि ते म्हणाले, ‘‘हां, आता बोल.’’

सेटवर हशा पिकला. मी वहीत ‘ॲडिशन’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

ॲडिशन हा शब्द आपल्या नाटकवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला. लिहिलेल्या संवादात नटाने घातलेली भर म्हणजे ॲडिशन. तिची मुळे तमाशापर्यंत जातात. वगाची कथा सगळ्यांना ठाऊक असे, संवाद मात्र बरेचदा उभ्या उभ्याच रचले जात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या वगनाट्यात दादा कोंडके गाजले, त्यात या हजरजबाबीपणाचा मोठा वाटा होता. पुढे १९७१ च्या ‘सोंगाड्या’मधून ते पडद्यावर नायक झाले. नाटकात अशा भरीचा निकाल जागच्या जागी लागतो. प्रेक्षक हसले तर ती राहते, गप्प बसले तर उद्याच्या प्रयोगात गळते. सेटवर प्रेक्षकच नसतो. तिथे हसतात ते तेच वाक्य सकाळपासून ऐकून कंटाळलेले सहकारी. त्यांना काहीही नवे पुरते.

आमच्याकडे नेमके तेच झाले. हशाने नटाला हुरूप आला. पाचव्या टेकला त्यांनी चहा ओतून झाल्यावर एका पुढाऱ्याची नक्कल सुरू केली. सहाव्या टेकला ती दोन मिनिटांवर गेली. दिग्दर्शकाने कट म्हटले नाही. कॅमेरा एकच होता आणि तो काकांवर लावलेला. बशी पहिल्यांदा उचलली गेली तेव्हा पुतण्याचा चेहरा खरोखर पडला होता. तो मी पाहिला, कॅमेऱ्याने टिपला नाही. तासाभराने त्याच्या क्लोजअपसाठी प्रकाशयोजना बदलली, तोवर चहा जाणार हे त्याला पाठ झाले होते. उत्स्फूर्त प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी समोरासमोर टिपायचा तो याचसाठी. पहिली दचक पुन्हा मिळत नाही.

फिल्मच्या काळात एवढी मोकळीकच नव्हती. चारशे फुटांचे रीळ साडेचार मिनिटांत संपे आणि कच्च्या फिल्मचा फूट न् फूट मोजला जाई. त्यामुळे भर पडायची ती तालमीत, नाहीतर डबिंगमध्ये पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी. तरीही अस्सल गोष्टी त्या काळात घडल्या. महेश कोठारे यांच्या १९८५ च्या ‘धुमधडाका’मधले ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ हे बोल आपल्याला पाइप ओढताना लागलेल्या ठसक्यातून आले, असे अशोक सराफ यांनी सांगितले आहे. तो ठसका टिकला, कारण तिथे श्रीमंत म्हाताऱ्याचे सोंग घेतलेला माणूस होता. पाइप त्या सोंगाचा भाग होता आणि ठसका पाइपचा. बशीतल्या चहाचेही तसेच. त्यात काकांचा कंजूषपणा होता, पुतण्याची अडचण होती, आणि पैशाच्या प्रश्नाला दिलेले उत्तरही होते. पुढाऱ्याची नक्कल मात्र कोणत्याही चित्रपटात, कोणाच्याही तोंडी चालली असती.

संकलनाच्या टेबलावर हे लगेच दिसले. नक्कल संपेपर्यंत पुतण्या कशासाठी आलाय हेच विसरायला होत होते. त्यानंतरचे त्याचे रडवेले वाक्य दुसऱ्या चित्रपटातून आल्यासारखे वाटे. संकलकाने नक्कल काढली. दोन दिवसांनी ती परत आली, कारण त्या दिवशी सेटवर सगळे किती हसले होते हे प्रत्येकाला आठवत होते.

प्रदर्शनानंतर मी एका खेळाला शेवटच्या रांगेत बसले. चहा कपात गेला आणि अख्खे थिएटर हसले. नक्कल सुरू झाली, तेव्हा आधी थोडे हसू आले, मग शांतता पसरली, मग तीन-चार मोबाइल उजळले. लोकांनी चित्रपटाला ‘ठीक’ म्हटले. ते बरोबरच होते. अशा सात-आठ नकला त्यात होत्या आणि चहासारखा प्रसंग एकच होता.

विनोदी चित्रपट करणाऱ्या तरुण मित्रांना म्हणूनच सांगावेसे वाटते: नटाला मोकळे सोडा, पण आधी त्याला पात्र पूर्ण समजू द्या. तालमीसाठी आठवडा काढा. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी पैसे वाचवा. आणि सेटवरचे हसू सेटवरच ठेवून या. संकलनाला बसाल तेव्हा प्रत्येक भरीला एकच प्रश्न विचारा: ही या माणसाची आहे का? नसेल, तर कितीही हसू आले तरी ती काढून टाका.