‘फवारलं, चक्कर येतेय’... पण कोणाला? न लिहिलेलं संगणक कसं ओळखतो?

‘दुपारी फवारलं. आता चक्कर येतेय.’ यवतमाळच्या कापूसपट्ट्यातून असा मेसेज आला, तर वाचणारा लगेच ताडतो: कीटकनाशक, पऱ्हाटीवर, त्रास लिहिणाऱ्यालाच. वाक्यात यातलं काहीच नाही. २०१७ मध्ये इथे फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ‘कोणाला’ हा प्रश्न किरकोळ नाही.

संगणक आधी क्रियापद धरतो. ‘फवारणे’ला करणारा हवा, औषध हवं, पीक हवं. रिकाम्या जागा तो आजूबाजूच्या वाक्यांत शोधतो. मराठीत गोची वेगळीच: ‘फवारतो’, ‘फवारते’ यांतून पुरुष की बाई ते कळतं, ‘फवारलं’ मात्र औषधाशी जुळतं, करणारा गायब! २०१० च्या ‘सेमएव्हल’ स्पर्धेत शेरलॉक होम्सच्या इंग्रजी कथांवर हा प्रयोग झाला, तिथेही प्रणाली सपशेल अडखळल्या. आणि मेसेज मालकाने मजुरासाठी टाकला असेल, तर माणूसही चुकेल.