टाचेमागचा पीळदार दोर

दोस्तांनो, बसल्या जागी एक काम करा. टाचेच्या मागे, थोडं वर चिमटीत धरून पाहा. कातडीखाली कडक, जाडसर दोर लागला ना? आता पाऊल वरखाली हलवा. तो कसा ताठ होतो आणि सैल पडतो, कळलं?

घरातली मोठी माणसं त्याला 'टाचेची शीर' म्हणतात. पण ती काही रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारी ती कंडरा आहे. तिचं नाव अकिलीस कंडरा. लांबी साधारण 15 सेंटिमीटर आणि मान असा की शरीरातल्या सगळ्या कंडरांमध्ये हीच जाड, हीच मजबूत!

काळविटाची टाच कुठे असते?

वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. तिथला काळवीट जिवाच्या आकांतानं सुटला तर ताशी 80 किलोमीटरपर्यंत वेग गाठतो. त्याचे मागचे पाय नीट पाहा. गुडघा उलटा वाकतोय असं वाटेल. पण तो गुडघा नाहीच, ती त्याची टाच! हरणं टाच जमिनीला टेकवतच नाहीत. ती बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर चालतात. त्या उंच टाचेच्या मागून जो ताठ दोर वर जाताना दिसतो, ती त्याची अकिलीस कंडरा.

आपल्याला काळविटाइतकं पळता येत नाही, पण माणूसही पळण्यासाठीच घडलेला प्राणी आहे. आपला नातलग चिंपांझी घ्या. त्याची ही कंडरा अगदीच आखूड असते. आपली मात्र लांबलचक.

या लांबीचा फायदा काय? पाऊल जमिनीवर आदळलं की कंडरा ताणली जाते आणि पाऊल उचलताना ती आखडून ऊर्जा परत देते. मध्यम वेगानं धावताना दर पावलाला जी ऊर्जा खाली-वर होते, तिच्यातली सुमारे एक तृतीयांश ही एकटी कंडरा साठवून परत करते. म्हणजे पळण्यातली बरीच मेहनत फुकटात!

तिच्यावर ताणही तसाच येतो. धावताना तो शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट असू शकतो. वजन 30 किलो असलं, तर 180 ते 240 किलो. हे तिला पेलतं कसं? कंडरा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या बारीक तंतूंची बनलेली असते. हे तंतू पोटरीकडून टाचेकडे उतरताना सुमारे पाव वळसा घेतात. शेतकरी चऱ्हाट वळताना धाग्यांना पीळ देतो ना, तसंच.

मग एवढा दोर तुटतो कसा?

गावात कबड्डीचे सामने आहेत. वर्षभर मैदानाचं तोंड न पाहिलेले चाळिशीतले काका जोशात चढाईला जातात. मागचा पाय रेटून झेप घेतात आणि 'फट्' असा आवाज! काका मागे वळून विचारतात, "लाथ कोणी मारली रे?" मागे कोणीच नसतं. बऱ्याच रुग्णांना असंच वाटतं, कोणीतरी मागून लाथ घातली किंवा दगड मारला.

ही कंडरा बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीतल्या लोकांची तुटते. वयानुसार तंतू झिजलेले असतात, पायाला सवय नसते आणि झटका एकदम बसतो. टाचेच्या वर 2 ते 6 सेंटिमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा कमी असतो. बहुतेकदा तुटते ती तिथेच.

सराव करणाऱ्यांनाही ती चकवते. प्रसिद्ध फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची डावी कंडरा मार्च 2010 मध्ये सामना चालू असताना तुटली. फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचा विश्वचषक हुकला, पण सप्टेंबरात तो पुन्हा मैदानावर उतरला. आपल्या मोहम्मद शमीनं 2023 च्या क्रिकेट विश्वचषकात 24 बळी घेतले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्या अकिलीस कंडरेवर शस्त्रक्रिया झाली. त्याला पुन्हा रणजी सामना खेळायला नोव्हेंबर उजाडला.

करून पाहा

मित्राला पलंगावर पालथं झोपवा. पावलं काठाबाहेर लोंबू द्या. आता त्याची पोटरी हलकेच दाबा. पाऊल आपोआप खाली झुकलं? शाबास, दोर शाबूत आहे! कंडरा पूर्ण तुटली असेल तर पाऊल जवळजवळ हलत नाही, कारण स्नायूची ओढ टाचेपर्यंत पोहोचतच नाही. ब्रिटनच्या सिमंड्स यांनी 1957 मध्ये आणि अमेरिकेच्या थॉम्पसन यांनी 1962 मध्ये ही तपासणी मांडली. आजही डॉक्टर आधी हीच करतात, मग गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा एमआरआय. खेळ म्हणून ही गंमत धडधाकट मित्रावरच करा. दुखावलेला पाय डॉक्टरांनाच तपासू द्या.

खरा घोळ इथे होतो. कंडरा तुटली तरी माणूस लंगडत चालू शकतो, दुसऱ्या स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडं हलतं. मग घरचे म्हणतात, "मुरगळलाय, तेल लावून चोळा." चोळून तुटलेली टोकं जुळत नाहीत, आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

जोडायची कशी?

दोन वाटा आहेत. एक, शस्त्रक्रिया करून टोकं शिवायची. दुसरी, पाऊल बोटांच्या टोकावर उभं राहिल्यासारखं खाली झुकवून प्लास्टर किंवा खास बूट घालायचा. पाऊल असं झुकलं की तुटलेली टोकं एकमेकांजवळ येतात आणि शरीर स्वतःच मधली फट भरू लागतं. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी पाचशेहून अधिक रुग्णांची तुलना करून 2022 मध्ये निष्कर्ष छापला. वर्षभरानंतर दोन्ही वाटांचे रुग्ण जवळपास सारखेच बरे होते. मात्र शस्त्रक्रियेविना कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण शंभरात सहा होतं, शस्त्रक्रियेनंतर शंभरात एकाहूनही कमी. उलट शस्त्रक्रियेत जखम चिघळण्याचा किंवा नस दुखावण्याचा धोका असतो. म्हणून वाट कोणती, हे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. नवे तंतू आधी वेडेवाकडे, कसेही उगवतात. त्यांना सरळ रांगेत आणतं कोण? ओढ! फिजिओथेरपिस्ट पायावर थोडा थोडा भार टाकायला लावतात. टाच उंच राहावी म्हणून बुटात घातलेल्या पट्ट्या एकेक करून काढतात, पुढे टाचा उचलण्याचा व्यायाम देतात. ज्या दिशेनं ओढ मिळते, त्या दिशेनं तंतू लागत जातात. एकदम बसलेल्या ओढीनं कंडरा तुटली आणि बेताबेतानं दिलेल्या ओढीनंच ती पुन्हा बळकट होते. पण घाई नको. खेळायला परतायला सहा महिने ते वर्ष लागतं.

आणि तुमची टाच?

मुलांची कंडरा सहसा तुटत नाही. मात्र 8 ते 14 वर्षांच्या खेळाडू मुलांची टाच खूप दुखू शकते. कारण टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून कच्चा असतो आणि कंडरा त्याला सारखी ओढत असते. विश्रांती आणि हलका व्यायाम यांनी ते बहुतेकदा बरं होतं.

पोलीस भरतीसाठी पहाटे 1600 मीटरचा सराव करणाऱ्या तुमच्या दादाला आणि 800 मीटर पळणाऱ्या ताईलाही सांगा, अंतर एकदम वाढवू नका, आधी अंग गरम करा. आणि कोणाच्या टाचेमागे 'फट्' वाजलंच, तर चालवू नका, चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. वाशिमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एवढं लक्षात ठेवलंत, तर त्या कबड्डीवाल्या काकांना योग्य वेळी दवाखान्यात नेणारे तुम्हीच असाल!