जीव घाबरण्याचा विकार व त्यावरील उपाय

आंब्याच्या पानावर करपा दिसला कीं आपण लागलीच जाणत्यास फांदी नेऊन दाखवितों. त्यांत कोणास लाज वाटत नाहीं. परंतु मनाचें दुखणें मात्र झांकून ठेवण्याकडे आपला कल असतो. हा दोष प्रस्तुत लेखकाच्याही अंगीं होता, म्हणून स्वानुभवाचे चार शब्द शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें आमच्या केळशीसह दापोली व मंडणगड तालुक्यांतील माड, पोफळी व आंब्याच्या बागा आडव्या केल्या. मी तेव्हां महसूल खात्यांत कारकून होतों. दिवसभर इतरांच्या नुकसानीच्या याद्या लिहाव्या आणि तिन्हीसांजा स्वतःच्या पडलेल्या माडांकडे पाहावें, असा क्रम कित्येक आठवडे चालला. नवा माड फळास येण्यास सहा-सात वर्षें लागतात, हा हिशेब डोक्यांतून जाईना.

पुढल्या पावसाळ्यांत एके रात्रीं वारा सुटला आणि एकाएकीं छाती धडधडूं लागली. घाम फुटला, हातपाय कांपूं लागले, श्वास अपुरा पडला; आतां प्राण जातो अशी खात्री झाली. अर्ध्या तासांत सर्व शांत झालें. हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. तरी झटके येतच राहिले. मग झटक्यापेक्षां त्याच्या भीतीनेंच अधिक ग्रासलें. बागेंत एकट्यानें जाणें सुटलें, एस. टी. चा प्रवास सुटला. देवापुढें नारळ ठेविले, गाऱ्हाणें घातलें. धीर आला, पण झटके थांबले नाहींत.

रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ सालापासूनचें. तेथें जाण्याचा सल्ला मिळाला तेव्हां मला तो अपमान वाटला. लोक काय म्हणतील, मुलीचें लग्न कसें जमेल, या विचारांत वर्ष दवडलें. अखेर पत्नी म्हणाली, "लोकांचें मी ऐकून घेईन, तुम्ही चला." बाह्यरुग्ण विभागांत तपासून त्याच दिवशीं घरीं पाठविलें.

डॉक्टरांनीं उलगडा केला तो असा : धोका दिसतांच शरीर पळण्याची वा झुंजण्याची तयारी करितें, मूत्रपिंडावरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तांत उतरतें व हृदय जलद चालतें. या विकारांत धोका नसतांही हीच तयारी होते. झटका बहुधा दहा मिनिटांत कळसास पोंचून ओसरूं लागतो. हें दुखणें नवें नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या सैनिकांतील अशीच लक्षणें दा कोस्टा या डॉक्टरांनीं १८७१ सालीं वर्णिलीं आहेत.

उपाय थोडक्यांत असे :

(१) प्रथम हृदय, रक्त व थायरॉइड यांची तपासणी करावी. छातींत दुखूं लागल्यास तें नुसतें घाबरणें आहे, असें आपणच ठरवूं नये.

(२) औषध नेमानें घ्यावें. गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. बरें वाटलें म्हणून तें मनानेंच बंद करूं नये. तत्काळ गुंगी आणणाऱ्या कांहीं गोळ्यांची संवय जडते, त्या डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर घेऊं नयेत.

(३) ज्याची भीति, त्यास समुपदेशकाच्या सल्ल्यानें थोडें थोडें सामोरें जावें. वारा असतांना मी प्रथम पडवींत बसलों, मग अंगणांत, मग बागेच्या गडग्यापर्यंत गेलों.

(४) दारूनें भीति दबते, पण दुसऱ्या दिवशीं दुप्पट होऊन येते.

ज्यांस लांब जाणें शक्य नाहीं त्यांनीं १४४१६ या क्रमांकावर विचारावें. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा २०२२ सालीं सुरू झाली असून मराठींतही बोलतां येतें.

वारा सुटला कीं आजही छाती एकदां हलते. पण मी जागचा उठत नाहीं. वादळानंतर लाविलेले माड डोक्यावर गेले आहेत. वर्ष दवडलें नसतें तर त्यांस पाणी मीच घातलें असतें, एवढीच रुखरुख आहे. वाचकांनीं ती आपल्या वांट्यास येऊं देऊं नये.